सोळाव्या सोमवारचं रेकॉर्डिंग

नलू, माझा तो मौनाचा नवस आठवतो ना तुला? माझी पुतणी रेवा जॅझ-रॉक गाते, गाणीही स्वतःच लिहिते. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाजच गेला. मी महादेवाला म्हटलं, "तिचा आवाज परत दे, मी सोळा सोमवार दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही."

सोळाव्या सोमवारी मी तिच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर मनातल्या मनात जप करत बसले होते. ती माईकसमोर उभी राहिली आणि खरंच गायली गं! मग तिने रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात दोन आवाज.

"काकू, यार, तू मागे गात होतीस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"अगं, बिल्कुल तुझा आवाज आहे! मला न लागलेला वरचा सूर तू लावलायस."

होता माझाच. पण माझे ओठ मिटलेले होते.

संध्याकाळी दिवा लावला आणि मी पहिला शब्द बोलले, "रेवा."

तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आता आत ती एकटीच होती, आणि वरच्या सुराच्या जागी नुसती शांतता.

पुढच्या महिन्यात सोमवारी दुपारी तिचा कार्यक्रम आहे. मी पुन्हा मौनाचे सोमवार धरलेत. तूही धर ना, नलू. तुझा आवाज तर माझ्यापेक्षा मोठा आहे.