शांतवनची उपकारस्तुती

चिकलठाण्याच्या थांब्यावर करमाडच्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"एस्तेर, तुझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं म्हणं?"

"झालं, कस्तुरामावशी. आज पेज प्याला शांतवन. आता जिवात जीव आला बघा."

"आमदारसाहेबांनी दवाखान्यात फोन केला असंल."

"कुठला फोन! रोज त्यांच्या दारात बसायची मी. आत त्यांचे सत्कार चालायचे."

"अन् मग?"

"मग एक दिवस उठले. म्हणलं, हात जोडायचेच तर इथं कामून? सरळ दवाखान्यात गेले अन् शांतवनच्या खाटेपाशी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच आपणहून तारीख दिली."

"देव पावला गं बाई."

"पुढचं ऐका. काल साहेबांच्या माणसाचा फोन आला. म्हणतो, साहेबांच्या शब्दानं काम झालं ना? रविवारी चर्चात तुमची उपकारस्तुती हाय, तिथं साहेब येतील. शाल, नारळ अन् खुर्चीचं बघा."

"अगं, पण ते तर देवाचे आभार मानायचे असतेत ना?"

"तेच सांगितलं त्याला. म्हणलं, साहेबांनीबी मानावेत. आमच्याकडं समदे सतरंजीवर बसतेत."

"लई धीट झालीस! उद्या परत काम पडलं म्हंजी?"

"पडू द्या. कुणाचं दार वाजवायचं ते कळलंय आता."

"पण एखादी खुर्ची तरी ठेव गं. मोठा माणूस हाय."

"एकच हाय, मावशी. त्यावर शांतवन बसंल. त्याचे टाके ओले हायेत."