चिनी झग्यातली आई

हात जोडलेस ते ठीक, पण त्या फोटोत आईचे नाकडोळे तेवढे खरे आहेत. बस, चहा घे, सांगतो.

विरारला तेव्हा एक स्टुडिओवाला चिनी पोशाखात फोटो काढून द्यायचा. लाल रेशमी झगा, केसांत फुलं, हातात पंखा. आईला हौस आली. कुणाला न सांगता गेली आणि काढून आली. काय खळखळून हसली होती त्यात! बाबा म्हणाले, "या वयात ही थेरं? आत ठेव ते." तिनं मुकाट्यानं कपाटात ठेवला.

आई गेली तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर तिचा एकटीचा तेवढाच निघाला. बाकी सगळ्यांत ती कुणाच्या तरी मागे. बाबा तोच घेऊन स्टुडिओत गेले. "कॉम्प्युटरवर साडी नेसवा, पंखा काढा, कुंकू ठसठशीत लावा. आणि तोंड मिटवा तिचं. बरं दिसत नाही."

तेराव्याला चंदनसारची आमची अख्खी बिल्डिंग जेवायला आली. जो तो फोटोसमोर उभा राहून बाबांना सांगत होता, "अगदी हुबेहूब आल्यात हो वहिनी!"