कासवाचा माग मी ओलांडला

मी हरिहरेश्वराच्या अलीकडच्या कोळीवाड्यातली. चौथीपर्यंत शिकले, मग आयेबरोबर जवळा सुकवायला लागले, लग्नही वाड्यातच झालं, त्यामुळं किनारा काय सुटला न्हाय. चार माणसांत मला बोलता येत न्हाय, आताही बघा, तुमच्याकडं न बघताच बोलतेय.

काय सांगू तुम्हाला, आमच्या आयेची एक रीत होती. थंडीच्या दिवसांत पहाटे मासळी वाळत घालायला जाताना वाळूत कासवाचा माग दिसला, म्हणजे मादी अंडी घालून गेली, की आये टोपली खाली ठेवायची आणि गोणपाट ओढत ओढत तो सगळा माग पुसायची, अंडी खाणाऱ्याला जागा कळू नये म्हणून. मग चार काठ्या रोवून वर फाटकं जाळं बांधायची, कुत्र्यांसाठी; माणसाला वाटावं, जाळंच वाळत घातलंय. म्हणायची, बाळंतीण एकटी येऊन गेली गं, आपण न्हाय बघायचं तर कोण बघणार. बापाला पण सांगायचं न्हाय. आये गेली तरी मी तेच करत राहिले, वर्षानुवर्षं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर यायची, तळहातात मावतील एवढी, धडपडत पाण्याकडं निघायची, आणि बघायला मी एकटी. त्या दिवशी भाकरी थापताना पण मला हसू यायचं. नवरा म्हणायचा, काय सापडलं काय तुला? मी म्हणायची, कुठं काय.

मग कासवं वाचवायला बाहेरची माणसं आली. शेजारच्या सुशीला वहिनीनं त्यांना सांगितलं, आमची पार्वती हे लहानपणापासून करते. त्यांनी सांगितलं, जो घरटं दाखवेल त्याला घरट्यामागं बक्षीस. मला शाल दिली, पाकीट दिलं, फोटो काढताना मी पदर तोंडावर घेतला तर साहेब म्हणाले, मावशी, जरा हसा की. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सुनेला मिक्सर घेतला.

दुसऱ्या वर्षी सगळा वाडा किनाऱ्यावर. एक माग मी आधी बघितला, खुणेची काठी आणायला घरी गेले, तेवढ्यात सुशीला वहिनीनं तिथं आपली काठी रोवली. मी म्हटलं, वहिनी, हे माझं. तर म्हणते, वाळू तुझ्या सासऱ्यानं घेऊन ठेवलीय काय? आणि मी, जिला दुकानात साखर मागायची लाज वाटते ती मी, अशी ओरडले की होडीवरची माणसं धावत आली. तेव्हापासून वहिनी आणि मी बोलत न्हाय. घरटं दाखवायचं, नाव लिहून घ्यायचं, घरी यायचं. पिल्लं निघाली की न्हाय, हे बघायला मी त्या वर्षी गेलेच न्हाय, आणि गेले न्हाय हे माझ्या ध्यानातही आलं न्हाय.

मग बक्षीस बंद झालं. माणसं भली होती, म्हणाली, पैसे आले की परत बघू. वाडा घरी बसला.

त्यानंतरच्या थंडीत एक दिवस उजाडताना डोक्यावर जवळ्याची टोपली घेऊन चालले होते, समोर माग. ताजा, ओला. मी थांबले. आणि मनात काय आलं असेल? आता कोण देतंय. जवळा वास मारायला लागेल, असं स्वतःलाच सांगितलं आणि माग ओलांडून गेले, हो, पाय टाकून.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी खड्डा उकरलेला, टरफलं सगळीकडं, पिवळं सांडून वाळूत मुरलेलं. मी हातानं खड्डा बुजवला. सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, अहो आई, आधी तर फुकटच करत होतात ना? तिनं साधंच विचारलं हो.

आता मी परत करते सगळं. माग पुसते, जाळं बांधते, चुकवत न्हाय. यंदा एका घरट्यातली पिल्लं निघाली, मी मुद्दाम जाऊन बसले, शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत उठले न्हाय. वाट बघत होते, मला आधीसारखं आतून हसू येईल म्हणून. पिल्लं गेली. मी लुगडं झटकलं आणि कामाला लागले. ती जगोत बिचारी, मोठी होवोत. माझं काय, हात करतात अजून, एवढंच.