बैलाचं औषध

तुमी मांजर पाळायचं म्हणायलात म्हणून सांगतो. मागच्या साली आमच्या चंपीच्या अंगावर लय पिसवा झाल्या. घरात बैलांच्या गोचिडांचं औषध होतंच. बायको म्हणाली, "आधी डॉक्टरला फोन करून विचारा."

मी म्हणलं, "एवढ्या मोठ्या बैलाला काई होत न्हाई, तर हिला काय होतंय?"

फडक्यावर औषध घेतलं अन् तिच्या अंगभर चोळलं. मग ती कोपऱ्यात बसून अंग चाटत राहिली. दोन-तीन तासांत थरथरायला लागली, तोंडाला फेस आला. तशीच टोपल्यात घालून राणीसावरगावहून गंगाखेडला नेली. डॉक्टरनं साबणानं धुतली, सुई दिली. म्हणाले, "बैलाला चालतं ते मांजराला विष असतं. त्यात हिनं चाटलंय."

तासाभरात चंपी गेली.

निघताना डॉक्टरनं सहज विचारलं, "मांजर अंगाला औषध लावू देत नाही. धरली कुणी होती?"

कुणीच धरली नव्हती. मी लाड करायलोय असं वाटून बिचारी मान वर करून घुरघुरत होती.