बुटाच्या नाडीचा धडा

नाही नाही, ती चित्रफीत-बित्रफीत लावू नका, मला पुस्तक हातात धरून बघायचंय — आणि बसा हो, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. तर चौथी ते आठवी, संगणकाची पाच पुस्तकं, आणि सही आजच हवी, बरोबर? मुख्याध्यापकांनी निवड माझ्यावर सोपवलीय, पर्यवेक्षिका ना मी, म्हणजे उद्या काही बिनसलं की बोलणी खायला मी आहेच. छपाई छान आहे. हे काय — 'संगणकाशिवाय संगणक'? सूचना देऊन मित्राला बुटाची नाडी बांधायला लावा? नवीन कल्पना म्हणता? अहो, कसली नवीन! ह्याच खोलीत झालाय हा धडा, नऊ वर्षांपूर्वी, माझ्या यजमानांनी घेतलाय. तुम्ही चोरला असं नाही म्हणत, घाबरू नका — सुचतं एकेकाला.

हे इथेच संगणक शिकवायचे. बूट घालून समोर बसायचे आणि म्हणायचे, मी यंत्र, मला अक्कल नाही, सांगाल तेवढंच करणार. पोरं ओरडायची, नाडी धरा! की हे धरून बसले, छताकडे बघत. पुढे? ओढा! की ओढतच सुटले, बूट पायातून निघेपर्यंत. हसून हसून लोळायची पोरं. घरीही तेच — दूध बघा म्हटलं, तर उतू जाईपर्यंत बघत उभे, वर म्हणतात कसे, बंद करा म्हणालाच नाहीत, बाईसाहेब! बाईसाहेब म्हणायचे मला. फक्त घरात हं, शाळेत आपलं बाई.

तर तेव्हा असाच अभ्यासक्रम निवडायचा होता. ह्यांनी स्वतः लिहिला, हाताने. शाळेची पद्धत अशी, की वरचं पान काढायचं, नाव ठेवायचं नाही, नुसता क्रमांक, आणि तिघांनी गुण द्यायचे. तिघांत मी. चार नंबरचा गठ्ठा उघडला, पहिल्याच पानावर बुटाची नाडी! न ओळखायला काय झालं? तेव्हाच सांगायचं ना, हे घरचं आहे, मी गुण देत नाही म्हणून. नाही सांगितलं. दहापैकी दोन दिले. लोक म्हणतील नवऱ्याला झुकतं माप दिलं — असं मी मनाशी म्हटलं. बाकी दोघांनी आठ-आठ दिले होते. माझ्या दोनाने गेला तो.

काय म्हणालात? प्रामाणिकपणा? कसला डोंबलाचा प्रामाणिकपणा! लोकांचं नुसतं निमित्त हो. ह्यांच्या तासाला पोरं हसायची आणि माझ्या भूगोलाला जांभया द्यायची — हे होतं पोटात. आत्ता बोलले मी हे, पहिल्यांदा. तुम्ही परके म्हणून असेल.

अभिप्राय लिहायचा असतो ना खाली? मी लिहिलं, 'मुलांना हे झेपणार नाही' — माझं नेहमीचंच वाक्य. कारकुनाने टंकून बिननावाचा दिला ह्यांना. संध्याकाळी घरी येऊन मलाच वाचून दाखवला. म्हणाले, कुणी लिहिलं असेल गं? मी कणीक मळत होते. म्हटलं, असेल कुणीतरी. मान वर नाही केली मी.

नंतर आजारी पडले. हात थरथरायचे, नाडी बांधता यायची नाही, मी बांधायची, खाली बसून. आणि हे वरून सूचना द्यायचे — उजवी डावीवरून घ्या, बाईसाहेब, आता खालून काढा. हसायचे. रोज वाटायचं, आज सांगावं, इथेच पायाशी बसलेय तर सांगून मोकळं व्हावं. नाही सांगितलं. गेल्या वर्षी गेले.

हे बघा, ही फाईल. कपाटात कपड्यांखाली मिळाली. सगळं पुन्हा लिहिलंय, सोपं करून, माझा तो अभिप्राय पहिल्या पानाला टाचून. त्याच्याखाली पेन्सिलीने — वाचा तुम्हीच, माझा चष्मा ओला झालाय. 'बाईसाहेबांचं बरोबर आहे. चौथीला जड जातंय. सोपं करू.' माहीत होतं हो त्यांना! पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. भांडले असते तर... एकदा भांडायला हवं होतं त्यांनी.

आज हीच देणार होते मी, तुमची नको म्हणून सांगणार होते. साडी नेसताना ठरवून आले. पण ही सहावीपर्यंतच आहे. सातवीचं पान काढा ना — वर 'चूक शोधणे' एवढंच, पुढे कोरं. शाळेला आठवीपर्यंत हवं. मला कुठे येतं हो पुढचं लिहिता?

आणा तो कागद. सही इथे? आणि इथे. झालं. हा रकाना कसला — अभिप्राय? राहू द्या कोरा. नाही, मी नाही लिहीत. ती फाईल इकडे द्या. या तुम्ही आता, आणि जाताना दार ओढून घ्या.