सामीच्या नावाचं गाऱ्हाणं

हात जोडा मंडळी, देवाचं नाव घ्या आणि जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेत ते कीर्तन ऐकत नाहीत, झोपेची तयारी करतात! हा माझा आजवरचा अनुभव आहे.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. सोपा आहे. आपण बसल्या जागी जे बोलतो, ते कुठवर जातं? तुम्ही म्हणाल, बुवा, समोरच्याच्या कानापर्यंत! बरं. मग मला सांगा, काल संध्याकाळी तुमच्या त्या दूध डेअरीपाशी पंधरावीस जण उभे होते. मी एसटीतून उतरलो, तिथंच उभा राहिलो. काय चाललं होतं? महायुद्ध! एकजण म्हणत होता, दोन क्षेपणास्त्रं टाकली की विषय संपला. दुसरा म्हणे, दोन कशाला, एकच बास! हातात किटल्या, आणि बोट कळीवर!

हसू नका. मी चेष्टा करत नाही. मला अशा माणसांचं कौतुक आहे. ज्याला आपल्या बांधापलीकडचं काही पडलेलंच नाही, त्याच्यापेक्षा जगाची काळजी करणारा बरा. देवसुद्धा युद्ध होऊ नये म्हणून शिष्टाईला गेला होता की नाही? भर सभेत बोलला होता. तेव्हा चर्चा वाईट नव्हे. पण बोललेलं जातं कुठे, एवढंच आज बघायचं.

शब्द सुटे ओठांतून ।
जाई परमुलखा धावून ।
कुणा घरी पडे जाऊन ।
सोडणारा नेणे ॥

ही ओवी माझीच आहे हो. संतांच्या माथी मारू नका, ते बिचारे आधीच पुष्कळ सोसतात!

तर ऐका. आमच्या तळकोकणात, मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. आंबेखोल. घरटी एक माणूस जहाजावर. तुमच्याकडे कसं, पोरगा सैन्यात असतो, साखर कारखान्यात असतो, तसा तिकडे तो बोटीवर असतो. त्यामुळे जगाच्या नकाशावर कुठं खुट्ट झालं की आंबेखोलात चुलीवरचा भात करपतो. कुठली सामुद्रधुनी अरुंद, कुठे चाचे, कुठल्या देशाचं कुणाशी फाटलंय, हे तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. तुम्हाला शेजारच्या तालुक्याचा आमदार आठवत नाही!

या गावात रोज दिवेलागणीला रवळनाथाच्या देवळासमोरच्या बाकांवर चर्चा भरते. आणि त्या चर्चेचे अध्यक्ष कोण? भिकाजी परब. सत्तरीचा माणूस, माडाची बाग, दोन वर्तमानपत्रं, आवाज असा की खाडीपलीकडच्या होडीवाल्याला वाटावं, आपल्यालाच हाक मारली. स्वभाव तापट, पण माणूस लाखमोलाचा. कुणाची बोट वादळात सापडली की त्या घरी पहिला जाऊन बसणारा हाच. आणि दुसरं म्हणजे, भिकाजी परब गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा.

आता तुम्ही घाटावरची मंडळी. तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सुनेचं सासूविरुद्ध, सासूचं सुनेविरुद्ध! आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढे मोठ्यानं केलेलं मागणं. मानकरी एकेक वाक्य म्हणतो, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" हा 'होय' महत्त्वाचा. ती सही आहे सही! ज्यानं होय म्हटलं, त्यानं ते मागितलं. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. का? देव काय तलाठी आहे, अर्ज द्यायला आणि मागे घ्यायला?

तर त्या साली काय झालं, दोन देशांचं बिनसलं. नावं विचारू नका. मी नावं घेतली की तुमच्यातले निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे होतील, आणि माझं कीर्तन राहील बाजूला! एकाला म्हणू पूर्वेचा, दुसऱ्याला पश्चिमेचा. पूर्वेच्या देशानं काय केलं, आपल्या समुद्रातून जाणारं एक मालवाहू जहाज अडवलं, खलाशांसकट नेऊन आपल्या बंदरात उभं केलं. आणि त्या जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करणारा एक पोरगा होता आंबेखोलचा. मंदार तोडणकर.

मंदारची आई प्रमिलावहिनी. नवरा लवकर गेला, एवढा एकच मुलगा. बातमी आली तेव्हा बाई आमसुलं वाळत घालत होती. शेजारणीनं सांगितलं. बाईनं हातातलं सूप रिकामं केलं, आमसुलं नीट पसरली आणि मग खाली बसली. पुन्हा उठायला दोघींना हात द्यावा लागला.

गाव पेटलं! पेटणारच. आपला पोरगा धरून ठेवलाय! बाकांवरची चर्चा त्या दिवशी देवळाच्या आत गेली. सगळा गाव जमला. भिकाजी परब देवापुढे उभे राहिले, डोळे लाल झालेले, आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आमच्या तोडणकरांच्या मंदाराक ज्येनी धरून ठेवल्यानी, तेंचा बंदर जळान जांव दे, तेंच्या घरादाराची राखांडी होव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

काय तो होय! देवळाची कौलं हलली म्हणतात. आणि त्या होयमध्ये प्रमिलावहिनीचाही आवाज होता. का नसावा? आईच ती, आमच्या भाषेत आवस. लहानपणापासूनची सवय. मानकरी थांबला की तोंड आपसूक उघडतं.

मंडळी, चूक लक्षात आली का तुमच्या? नाही आली! त्यांच्याही नाही आली. चार माणसं रागानं एका सुरात ओरडायला लागली ना, की त्या सुरात फार सुख असतं. त्या सुखात माणूस विचार करत नाही. पेटीवाले, तुम्ही का मान हलवताय? तुम्ही तर दर निवडणुकीला ओरडता!

दिवस गेले. मंदारचा फोन येऊ लागला. कसा? जहाजावर पहारा द्यायला त्या देशाचे काही शिपाई ठेवले होते. त्यात एक मंदारच्याच वयाचा. नाव सामी. खलाशांचे फोन काढून घेतलेले, पण हा सामी आपल्या पहाऱ्यावर कुणी नसलं की स्वतःचा फोन मंदारच्या हातात द्यायचा. वरिष्ठांना कळलं असतं तर त्याची धडगत नव्हती. एकदा मंदारनं फोन त्याच्याच कानाला लावला. प्रमिलावहिनीला सुचेना काय बोलावं. तिनं आपलं विचारलं, "जेवलंस काय रे?" तो पलीकडून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. हिला एक अक्षर कळलं नाही, त्याला एक अक्षर कळलं नाही. पण दोघंही बराच वेळ बोलत होती म्हणे! तुमच्याकडे एका घरात, एका भाषेत असं बोलणं होतं का, विचारून बघा घरी गेल्यावर.

आणि मग एका संध्याकाळी बातमी आली. पश्चिमेच्या देशानं जाहीर केलं, आम्ही पूर्वेच्या बंदरावर बॉम्ब टाकणार. बंदराचं नाव सांगितलं. तेच बंदर!

बाकांवर आनंदीआनंद! कुणीतरी भिकाजींच्या पाठीवर थाप मारली, गाऱ्हाणं लागलं म्हणून. भिकाजी विमानांची नावं सांगू लागले, ती किती उंचावरून उडतात, किती टन टाकतात. अभ्यास दांडगा माणसाचा! चर्चा अशी रंगली की प्रमिलावहिनी देवळाच्या पायऱ्या उतरून समोर येऊन उभी राहिली, ते कुणाला दिसलंच नाही.

ती ओरडली नाही, रडली नाही. हळूच म्हणाली,

"काकानू, त्याच बंदरात माझो मंदार आसा. तुमी मागितल्यात, आनि मी होय म्हटलंय. आवस असान मी होय म्हटलंय."

संपलं! ज्यांना क्षेपणास्त्राचा पल्ला ठाऊक, त्यांना एवढं सुचलं नव्हतं की पोरगा जिथं आहे तिथंच आपण आग मागितली. मूर्ख होते का ते? मुळीच नाही. तुमच्याआमच्यापेक्षा हुशार. फक्त त्यांच्या नकाशावर बंदर होतं, बंदरात माणूस नव्हता.

भिकाजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय, प्रमिला. माझ्या बापाशीन कधी घेतल्यान नाय."

"मागे घेव नकात. नवीन घाला."

"मंदारच्या नावान?"

"मंदारच्या. आनि सामीच्या."

आता मात्र गलका झाला. सामी कोण? तिनं सांगितलं. मग तर आगीत तेलच! शत्रूच्या शिपायाचं नाव आमच्या रवळनाथाच्या कानात? ज्यांनी पोरगा धरला त्यांच्यासाठी गाऱ्हाणं? एकजण म्हणाला, वहिनी, तुमचं डोकं फिरलंय दुःखानं. दुसरा म्हणाला, उद्या याचा व्हिडिओ निघाला तर गावाची छी थू होईल. आणि खरंच सांगतो मंडळी, त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. पोरगा धरून ठेवणं हा अन्यायच होता. अन्यायाला अन्याय म्हणायलाच पाहिजे.

प्रमिलावहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग तिनं भिकाजींना एकच विचारलं. इतकी वर्षं तुम्ही त्या देशाबद्दल बोलताय. तिथल्या एका माणसाचं नाव सांगा. राजाचं नको, सेनापतीचं नको. चुलीपाशी बसलेल्या एका माणसाचं.

भिकाजी विचार करू लागले. बाकांवरचे एकमेकांकडे बघू लागले. विमानांची नावं होती, बोटींची होती, करारांची होती. माणसाचं एकही नाही.

"माका एकच म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हणान तां घ्या म्हणतंय."

आता मंडळी, इथं मला त्या माणसाला दंडवत घालावासा वाटतो. प्रमिलावहिनीला तर आहेच, पण मी भिकाजी परबांबद्दल बोलतोय. मानकरी माणूस! सगळ्या गावासमोर आपलंच गाऱ्हाणं चुकलं म्हणायचं, म्हणजे काय गंमत आहे? तुम्ही बायकोला भाजीत मीठ जास्त झालं असं म्हणालात आणि मग कळलं, आपणच दोनदा घातलं होतं, तर कबूल करता का? नाही करत! गुपचूप जेवता आणि पाणी पिता!

भिकाजी उठले. खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला. देवळात गेले. मागोमाग काही गेले, काही बाकांवरच बसून राहिले. त्या माणसाचा खाडीपलीकडे जाणारा आवाज त्या दिवशी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जेमतेम पोचत होता.

"बा देवा म्हाराजा. आदी माझ्या तोंडातसून जा काय गेला, ता पोटात घाल. तोडणकरांचो मंदार, आनि परमुलखातलो सामी, खंयच्या आवशीचो ता आमका म्हायत नाय, तुका म्हायत आसा, ह्या दोघांकय सुखरूप आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा."

मग एकटी प्रमिलावहिनी म्हणाली, "होय म्हाराजा." मग दुसरं कुणी. मग मागून, बाहेरच्या बाकांवरूनही.

पुढे काय झालं? बॉम्ब पडले. बंदराच्या एका बाजूला पडले, जहाज दुसऱ्या बाजूला होतं, ते वाचलं. मग सरकारं बोलली, राजदूत बोलले, कागद हलले आणि खलाशी सुटले. गाऱ्हाण्यानं वाचले असं मी म्हणणार नाही! कीर्तनकार आहे म्हणून काहीही सांगू का? बॉम्ब वळवायचा अधिकार गाऱ्हाण्याला असता, तर जगात एकही बॉम्ब पडला नसता. पण मंदार घरी आला, हे खरं.

सगळा गाव त्याला घेऊन देवळात गेला. ढोल, ताशा, बायका ओवाळायला. गाऱ्हाणं पावलं म्हणून देवाला नारळ फोडायचा. भिकाजींनी नारळ हातात घेतला, दगडावर आपटायला वर उचलला, आणि थांबले. मंदारकडे वळून म्हणाले,

"सामी खंय आसा?"

मंदारनं सांगितलं. बॉम्ब पडले त्या दिवशी सामीची पाळी धक्क्यावर होती. त्यानंतर तो दिसला नाही. नवीन शिपाई आले, ते काही सांगेनात.

"फोन लागना नाय, काकानू."

ढोल थांबले. भिकाजींनी नारळ खाली घेतला आणि देवापुढे ठेवला. न फोडता.

"गाऱ्हाणा दोघांचा होता," ते म्हणाले. "एकटोच इलो."

प्रमिलावहिनीचा पोरगा समोर उभा होता, जिवंत, धडधाकट. आणि ती बाई त्या दिवशी दुसरीच्या पोरासाठी रडली. मोठ्यानं रडली. मंदार तिकडे अडकला होता तेव्हा रडली नव्हती तेवढी.

आंबेखोलात आजही चर्चा भरते. कडाडून भरते! कोण चूक, कोण बरोबर, यावर भांडणंही होतात, आणि व्हावीत. पण ज्या देशाबद्दल बोलायचं, तिथल्या एका साध्या माणसाचं नाव आधी सांगायचं. नाव नसेल तर त्यानं ऐकायचं, बोलायचं नाही. यामुळे काही लोक कित्येक दिवस गप्प असतात! आणि चर्चा सुरू होण्याआधी मंदार सामीचा नंबर लावतो. सगळे थांबतात. लागत नाही. मग बोलायला सुरुवात होते.

मंडळी, कीर्तन संपल्यावर तुम्ही डेअरीपाशी जाल. किटल्या खाली ठेवाल, आणि एखाद्या देशाची राखरांगोळी कराल. करा! तुम्हाला कोण अडवणार? पण आता एक गोष्ट माझ्यासाठी करा. सगळे उठून उभे राहा. हो, खांबाला टेकलेलेसुद्धा! मी आमच्या पद्धतीनं गाऱ्हाणं घालतो. तुम्ही होय म्हणायचं. पण सवयीनं नको. आधी ऐका, पटलं तर म्हणा, नाही पटलं तर गप्प राहा, मला राग नाही.

बा देवा महाराजा, परमुलखात सामी नावाचा कुणी पोरगा आहे. तो आमचा कुणी नाही. त्याची आई त्याच्या जेवणाचं ताट वाढून बसली असेल, तर त्याला तिच्यासमोर जेवायला बसव रे महाराजा.

म्हणा मंडळी.