नऊ नंबरचा उतारा

मी मूळची पौडची. बाजारपेठेत आमच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान व्हतं, अजून हाय, धाकटा भाऊ बसतो. घरात आमी चार बहिणी, आन् अब्बांचं एकच म्हणणं, एका तरी पोरीनं सरकारी नोकरी करायची. मग मी बारावीनंतर डी.एड. केलं आन् जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, हितंच नेऱ्याच्या अंगाला. तवा हितं नुसती भाताची खाचरं, आता बघताय ना, ज्यानं त्यानं शेतात खोल्या बांधल्यात आन् हिंजवडीच्या कंपनीतली पोरं भाड्यानं ठेवलीत. लिहून घेताय ना? सावकाश घ्या, अक्षर नीट काढा. शाळेत मी पुस्तकातलं बोलायचे बरं का, घरी आले की हे असं. आता रिटायर झाले, आता कोण तपासतंय.

मला पाचवी ते सातवीचं मराठी असायचं. वाचन, लेखन, व्याकरण, सगळं मुलाणीबाईंकडं. आन् माझी शिस्त म्हंजे शिस्त. प्रकट वाचन असलं की हजेरीच्या नंबरानं उठायचं, एक नंबरानं पहिला उतारा, दोन नंबरानं दुसरा, एकानं बसायचं की दुसऱ्यानं उभं ऱ्हायचं, मला तोंड उघडायची गरज न्हाई. साहेब तपासणीला आले की खूश व्हायचे, म्हणायचे बाई, वर्ग कसा घड्याळासारखा चालतोय. मलाबी लई गुर्मी व्हती त्याची, खोटं कशाला बोलू. आन् तीच शिस्त एका पोरीच्या मुळावर आली, ते सांगते आता.

चंद्रकला नाव तिचं, आमी चंदा म्हणायचो. हजेरीला नऊ नंबर. काय सांगू तुमाला, अशी वाचायची, अडखळणं न्हाई, चुकणं न्हाई, स्वल्पविरामाला थांबायची, पूर्णविरामाला श्वास घ्यायची. अक्षर तर छापल्यावानी. फळ्यावरचं उतरवून घेतलं की मी तिची वही सगळ्या वर्गात फिरवायचे, म्हणायचे चंदाकडं बघा, काहीतरी शिका. पोरगी खाली मान घालून बसायची. मला वाटायचं लाजतीय. आन् कधीमधी तिचं पोट दुखायचं, ऐन वाचनाच्या तासाला, मग मी पर्समधला ओवा द्यायचे आन् बाहेर बसवायचे. सातवी झाली, पुढं हायस्कूलला गेली, दोन महिन्यांत शाळा सोडली. मी म्हणलं असंल घरचं काहीतरी. मग तिचं कासारसाईला लग्न झालं, मी जेवायलाबी गेलते.

मधी कितीतरी वर्षं गेली. परवाच्या हिवाळ्यात, दुपारची मी तांदूळ निवडत बसलेले, दारात ही उभी. अगं चंदा, ये की आत, म्हणलं. तर आत येईना. म्हणली बाई, एक पत्र वाचून दावा. मी म्हणलं तुला काय धाड भरलीय, माझ्या डोळ्यांला मोतीबिंदू आन् तू माझी वाचणारी पोरगी. तर खालीच बसली उंबऱ्यात आन् म्हणली, बाई, मला वाचता येत न्हाई, कधीच येत नव्हतं.

मला आधी चेष्टाच वाटली. मग तिनं सांगितलं. लिहायचं ते ती चित्रावानी उतरवायची, फळ्यावरचं, न्हाईतर परीक्षेत शेजारणीचं. लता म्हणून तिची मैत्रीण व्हती, ती सकाळी हापशीवर नववा उतारा तिला दोनदा वाचून दाखवायची, आन् हिचं डोकं असं की दोनदा ऐकलं की पाठ. नऊ नंबरला नववाच उतारा येणार, बाईंची शिस्त. वरचं कुणी गैरहजर असलं की उतारा सरकायचा, मग हिला धडकी भरायची. त्या दिवशी पोट दुखायचं. आन् मी येडी, ओवा देत बसले! तीन वर्षं. एकदा जरी मधूनच हाक मारली असती, चंदा तू वाच गं हितनं, तर कळलं असतं. एकदा. पण मला माझा वर्ग घड्याळावानी पायजे व्हता.

आता पत्राचं ऐका. ही हिंजवडीच्या एका टावरमधी एका आजींना सांभाळायला जाती. आजींची नजर गेलीय, मुलगा-सून कंपनीत. कामाला ठेवताना सुनेनं इचारलं, पेपर वाचून दाखवाल ना, ही म्हणली व्हय, सातवी पास हाय. आन् दोन महिने पेपर हातात धरून मनच्या बातम्या सांगत ऱ्हायली. हिंजवडीत वाहनांच्या रांगा, पाणी दोन दिवस येणार न्हाई, असलं काहीबाही, आन् ते बहुतेक खरंच निघायचं, त्यामुळं निभावलं. मग आजींच्या बहिणीचं पत्र आलं. त्या म्हातारीला ऐकू येत न्हाई, फोन चालत न्हाई, म्हणून त्या कागदावर लिहित्यात. चंदानं पत्र उघडून सांगितलं, सगळं बरं हाय, काळजी करू नका. आन् मग पोरीला झोप लागंना. म्हणून पत्र पोलक्यात घालून माझ्याकडं आलती.

मी चष्मा लावून, डोळ्यांजवळ धरून वाचलं. बहीण येणार व्हती, येत्या रविवारी, एकटी, साताऱ्याकडनं, आन् लिहिलेलं की स्टँडवर कुणाला तरी पाठव, मला ऐकू येत न्हाई तर रस्ता तरी कुणाला इचारू. मी चंदाला म्हणलं चल ऊठ. ती म्हणली बाई काम जाईल माझं. मी म्हणलं जाऊ दे, पण ती म्हातारी स्टँडवर उभी ऱ्हायली तर? आन् मी येते संगं, ह्यात तुझ्यापरीस माझी चूक जास्त हाय.

गेलो. तेराव्या मजल्यावर. चंदानं सगळं सांगितलं, रडत रडत. आजी लई चिडल्या. म्हणाल्या मी आंधळी म्हणून मला फसवलंस. मी मधी पडले, म्हणलं आजी, मी तिची बाई, तिला येत न्हाई हे मलाच कळलं न्हाई, रागवायचं तर मला रागवा. आजींनी माझ्या आवाजाकडं तोंड फिरवलं आन् एवढंच म्हणाल्या, बाई, तुम्हाला तर दिसत होतं ना.

तेहतीस वर्षांत साहेबांची बोलणी खाल्ली, पालकांची खाल्ली, पण असं कुणी बोललं न्हाई.

पण आजी मनानं मोठ्या. बहिणीला आणायला मुलाला धाडलं, आन् चंदाला म्हणाल्या काम सोडायचं नाही, पण ते पत्र तूच मला वाचून दाखवायचं, कितीही दिवस लागोत. तवापासनं ती रोज तीनला माझ्याकडं यायला लागली. मुळाक्षरांपासनं. वळीनं काही घेतलं न्हाई मी, मधूनच बोट ठेवायचे, हे काय? अन् हे? पाठ करायची सवय जाता जाईना तिची, दोघी रडकुंडीला यायचो, एकमेकींवर खेकसायचो. बहीण आली, म्हैनाभर ऱ्हायली, जायच्या आदल्या दिवशी चंदानं मला संगं नेऊन पत्र वाचलं, लिहिणारी समोरच बसलेली आन् तिला एक अक्षर ऐकू जात न्हाई. साधं दीड पानाचं पत्र, पाऊण तास लागला. अडखळली, चुकली, मागं गेली, परत वाचलं. अडलेला शब्द मला सांगावासा वाटत व्हता, पण मी पदर तोंडात धरून बसले. अल्ला, असं वाचन मी जन्मात ऐकलं न्हाई.

आता ती पेपर वाचती, खरा. अल्लानं तिचं असंच भलं करावं. मला मात्र रोज वाटतं, आठ नंबरचं कोण व्हतं, सतरा नंबरचं कोण व्हतं, त्यांचं काय. तुमी गावोगाव फिरता, लोकांशी बोलता. माझ्या हाताखालचं असं कुणी भेटलं, तर लाजवू नका, काही इचारू नका. नुसतं म्हणा, मुलाणीबाईंनी बोलावलंय. दुपारी तीननंतर मी घरीच असते.